सहा फुटांवरून

रविवारी संध्याकाळी सातच्या आत फोटो टाकायचा, आणि तो त्याच आठवड्यात फिल्मवर काढलेला असायला हवा. 'रविवारचं रीळ' या व्हॉट्सॲप ग्रुपचा नियम एवढाच होता. नाशिक आणि आसपासची तेवीस माणसं त्यात होती. इगतपुरीचे एक रेल्वेतले गार्ड, देवळाली कॅम्पातले निवृत्त सुभेदार, दोन डॉक्टर, एक आर्किटेक्ट, एक कॉलेजातले प्राध्यापक. प्रत्येकाकडे जुना कॅमेरा, आणि प्रत्येकाला आपलाच कॅमेरा जगात भारी वाटायचा. वर्षाचे बावन्न रविवार जो एकही न चुकवता फोटो टाकेल, त्याचा एक फोटो जानेवारीतल्या प्रदर्शनात लागणार होता. एक रविवार हुकला की माणूस त्या वर्षापुरता बाद. ग्रुपमध्ये राहा, फोटो टाका, गप्पा मारा, पण मोजणीत तुम्ही नाही.

या तेविसांत बाई एकच होती, चांगुणा गांगुर्डे. वय एकसष्ट, घर नाशिक रोडला जेलरोडच्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. तेहतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून काढली होती. त्यांच्या काळात एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसत नसे. फिल्म कॅसेटमध्ये भरायची, पेशंटला उभं करायचं, बटण दाबायचं आणि मग तांबड्या दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत ती फिल्म औषधात बुडवून धुवायची. औषधाच्या वासानं चांगुणाबाईंची बोटं कायम आंबूस असत. लेक साक्षी लहानपणी म्हणायची, "मम्मी, तुझ्या हातचा भात पण दवाखान्यासारखा लागतो." नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दवाखान्यात डिजिटल मशीन आलं. डार्करूमला कुलूप लागलं आणि काही दिवसांनी तिथं सलाइनची खोकी रचली गेली. तेव्हा चांगुणाबाईंना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. निवृत्त होताना मात्र त्यांनी साहेबांना रीतसर अर्ज केला आणि भंगारात निघालेली, एक्स-रे बघायची दिव्याची पेटी मागून घरी आणली.

कॅमेरा त्यांना देवळाली कॅम्पच्या बाजारात मिळाला, जुन्या फर्निचरच्या दुकानात. बदली होऊन निघालेल्या कुठल्याशा कुटुंबानं सामान विकलं होतं, त्यात तो आला होता. रशियन बनावटीचा, हातात घेतला तर वजनमापासारखा जड. बटण दाबलं तर काहीच हलेना. त्यांनी तो तसाच बिटको चौकाजवळच्या दीपक वडनेऱ्यांच्या घड्याळाच्या दुकानात नेला. दीपक घड्याळं दुरुस्त करायचा, पण जुने कॅमेरे हा त्याचा खरा नाद. आठ दिवसांत त्यानं तो चालू केला, आणि परत देताना म्हणाला, "मॅडम, हा नुसता कपाटात ठेवणार असाल तर मलाच द्या. वापरणार असाल तर ग्रुपमध्ये या."

त्या ग्रुपमध्ये आल्या.

या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची रीत वेगळी. डोळा लावायच्या खिडकीत समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक खरा आणि एक त्याची फिकट सावली. भिंगाची कडी फिरवत ती सावली माणसावर आणायची. दोघं एकमेकांवर नेमके बसले की फोकस झाला. चांगुणाबाईंना हे दोघांना एक करणं फार आवडायचं. नोकरीत त्यांच्यासमोर लाखभर माणसं उभी राहिली असतील, पण त्यांनी बघितल्या त्या फक्त बरगड्या, मणके, मनगटं. आता त्यांना चेहरे हवे होते. जानेवारीत त्यांनी ठरवलं की बावन्न आठवडे, बावन्न माणसं. देऊळ नाही, घाट नाही, सूर्यास्त नाही. लांब रिळातून बारा-बारा फोटोंचे तुकडे कापायचे, आठवड्याला एक तुकडा वापरायचा, न्हाणीघरात धुवायचा, सुकला की दिव्याच्या पेटीवर ठेवून मोबाइलनं टिपायचा आणि ग्रुपवर टाकायचा.

सव्वीस आठवडे हे सुरळीत चाललं.

सत्ताविसाव्या आठवड्यात, जुलैच्या सुरुवातीला, त्या भाजीबाजारात सहादूचा फोटो काढायला गेल्या. सहादू सिन्नरकडून कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन यायचा. पोत्यावर बसून, गुडघ्यांभोवती हात बांधून तो गिऱ्हाइकाशी भांडायचा, आणि तेच चांगुणाबाईंना टिपायचं होतं. त्यांनी उजवा डोळा खिडकीला लावला. सहादूचे कान दिसले, फेटा दिसला, हनुवटीवरची पांढरी खुंटं दिसली. नाक मात्र दिसेना. त्यांनी डोळा चोळला, काच पुसली. पुन्हा तेच. दोन सहादू जवळ येत होते, पण मधोमध आले की दोघंही नाहीसे व्हायचे.

"बाई, काढला का नाय? मी किती येळ असा फुगून बसू?" सहादू म्हणाला.

त्यांनी अंदाजानं कडी फिरवली आणि पाच-सहा वेळा बटण दाबलं. फिल्म धुतल्यावर दिसलं की सहादू धुरकट आला होता आणि त्याच्या मागची जुडी मात्र पानन्‌पान स्वच्छ. दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. रविवारी त्यांनी तोच टाकला.

पाच मिनिटांत अमोलचं उत्तर आलं. अमोल म्हणजे ग्रुपमधला तो आर्किटेक्ट. तरुण, हुशार, आणि सल्ला द्यायला सदा तयार. "ताई, माणूस सुटला आणि कोथिंबीर फोकसमध्ये आली. या वयात रेंजफाइंडरशी कशाला झुंजताय? आपोआप फोकस करणारे फिल्म कॅमेरे मिळतात. सांगा, मी बघून देतो."

त्यानं चांगल्या मनानंच लिहिलं होतं. चांगुणाबाईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि रात्रीची भाजी चिरायला घेतली. 'या वयात' हे दोन शब्द त्यांना भेंडीबरोबर चिरता आले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी त्या कॅमेरा घेऊन दीपकच्या दुकानात गेल्या. "कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलंय. जोडी बसत नाही."

दीपकनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरला. कडी फिरवली. पुन्हा फिरवली. मग मेडिकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर धरला. "जोडी अगदी बरोबर बसते, मॅडम." त्यानं कॅमेरा खाली ठेवला. मग हलकेच म्हणाला, "एक काम करा. डावा डोळा हातानं झाका, आणि ते समोरचं मोठं घड्याळ बघा. किती वाजले?"

चांगुणाबाईंनी डोळा झाकला. दुकानाच्या भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं टिकटिकत होती. त्या मोठ्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"काट्यांची टोकं दिसतात," त्या म्हणाल्या. "आकडे दिसतात, पण जरा वाकडे. मध्ये काही नाही. काटे कशाला अडकवलेत तेच दिसत नाही."

दीपकनं दुकानातल्या पोराला हाक न मारता स्वतःच शटर अर्धं ओढलं. "चला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता दाखवू."

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, निकिता नाव. तिनं दोन्ही डोळ्यांचं स्कॅन काढलं आणि पडद्यावर फिरवून चांगुणाबाईंना दाखवलं. लोकांच्या आतल्या गोष्टी पडद्यावर दाखवायचं काम इतकी वर्षं त्यांनी केलं होतं. आज पहिल्यांदा त्या खुर्चीच्या या बाजूला होत्या.

"उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध बारीक भोक पडलंय," डॉक्टर म्हणाली. "वयामुळे होतं. ऑपरेशन करता येतं, आणि लवकर करायला हवं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करू."

"पूर्ण दिसेल?"

"बरंच सुधारेल. पूर्वीसारखं होईलच असं मी म्हणणार नाही. आणि खरा त्रास नंतरचा आहे. डोळ्यात आम्ही गॅसचा बुडबुडा सोडतो. तो वर तरंगून त्या भोकावर टेकून राहायला हवा, म्हणून सात दिवस मान खाली. पालथं झोपायचं, बसलं तरी खाली बघायचं, जेवतानाही मान वर नाही. लोक कंटाळून जातात."

"खाली बघून काम केलं तर चालेल?"

"कसलं काम?"

"फोटोचं."

डॉक्टर हसली. तिला वाटलं, आजी गंमत करताहेत.

दीपकनं त्याच दिवशी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. गांगुर्डे मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा आजपासून ते बरं होईपर्यंतचे रविवार त्यांना माफ करावेत आणि तरीही त्यांना मोजणीत धरावं. भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली. इगतपुरीच्या गार्डनी लिहिलं, "शंभर टक्के मान्य." अमोलनं लिहिलं, "ताई, माझं बोलणं मनावर घेऊ नका. काळजी घ्या."

साक्षी हे सगळं आईच्या खांद्यावरून वाचत होती. ती शाळेत गणित शिकवायची. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. "झालं की मग," ती म्हणाली. "सगळे हो म्हणताहेत. आता स्वस्थ राहा."

चांगुणाबाई टाइप करू लागल्या. एकेका अक्षराला वेळ लागत होता, कारण उजव्या डोळ्याला प्रत्येक शब्दाचं मधलं अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी लिहिलं, "सगळ्यांचे आभार. पण सूट नको. दवाखान्यात मी बाळंतपणाशिवाय लांब रजा घेतली नाही, आणि तेव्हाही माझ्या जागी बदली माणूस लावला होता. इथं बदली माणूस चालणार नाही. फोटो नाही आला तर मला बाद करा. आला तर धरा."

साक्षी म्हणाली, "मम्मी, कुणाला दाखवायचंय तुला? प्रदर्शनात एक फोटो लागतो. एक! त्यासाठी डोळा घालवणार आहेस?"

"डोळ्याला मी काही करणार नाही. डॉक्टर सांगेल ते सगळं करीन."

"मग फोटो कसा काढणार?"

"ते माहीत नाही अजून," चांगुणाबाई म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी डाव्या डोळ्यानं करून बघितलं. कॅमेरा उजव्या डोळ्यासाठी घडवलेला. डावा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपायचं, श्वासानं काच धुरकटायची, आणि रीळ पुढं सरकवताना अंगठा कपाळाला लागायचा. तेही चाललं असतं. पण डाव्या डोळ्यात मोतिबिंदू धरायला लागला होता. त्या ढगाळ उजेडात माणूस दिसायचा, त्याची फिकट सावली काही केल्या दिसायची नाही. जोडी लावायची तर दोघं दिसायला हवेत.

बुधवारी दुपारी त्या कॅमेरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिंगाच्या कडीवर मीटरचे आकडे कोरलेले होते. एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. आकडे बघता बघता त्यांच्या मनात एक जुनी खोली उभी राहिली. छातीचा एक्स-रे. नळी आणि फिल्म यांत सहा फूट अंतर, म्हणजे एकशे ऐंशी सेंटिमीटर, त्यात कमी-जास्त चालत नाही. त्यांच्या खोलीत फरशीवर त्या अंतराची पिवळी पट्टी मारलेली होती. पण वर्षं गेली तशी पट्टी पुसली गेली आणि पुन्हा मारायची गरज कुणाला पडली नाही, कारण चांगुणाबाईंना सहा फूट नुसतं उभं राहून कळायचं. फोकस म्हणजे तरी काय? अंतरच. खिडकी ते डोळ्याला सांगते. ज्याला आधीच माहीत आहे त्याला खिडकी कशाला?

त्या उठल्या. शिवणाच्या डब्यातून टेप काढला आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सहा फुटांवर कापली. मग टेप बाजूला ठेवून भिंतीपासून चालत गेल्या, वाटलं तिथं थांबल्या आणि दोरीनं मोजलं. फरक चार बोटांचा. पुन्हा केलं. दोन बोटं. कडी पावणेदोनच्या जरा पुढं आणली आणि भिंगाचं तोंड थोडं बारीक करून ठेवलं, म्हणजे दोन-चार बोटांची चूक पोटात घेतली जाईल.

दुसऱ्या दिवशी त्या सिन्नर फाट्याला पुंजारामकडे गेल्या. पुंजाराम दवाखान्यात वॉर्डबॉय होता. स्ट्रेचरवरून, खुर्चीवरून पेशंट ढकलत त्यांच्या खोलीत आणायचा तो हाच, आणि फरशीवरची पिवळी पट्टी मारली होती तीही यानंच. आता निवृत्त होऊन घरापुढं पाच-सहा कोंबड्या सांभाळत होता.

"पुंजाराम, भिंतीला उभे राहा. दोरीचं हे टोक छातीला धरा."

"हे काय बाई, माझं माप घेता का?"

"घेतेय. ताठ उभे राहा." त्यांनी दोरी ताणली, अंतर बघितलं, दोरी सोडली. कॅमेरा डाव्या डोळ्यापाशी नेला तो फक्त माणूस चौकटीत आहे का बघायला. तोंडून मात्र सवयीनं निघालं, "श्वास घ्या. धरा. हलू नका."

बटण दाबलं. मग रीळ सरकवून आणखी एक घेतला. कडी बघितली. आकाशाकडे बघितलं, ऊन येतंय का म्हणून. एवढ्यात समोरून चमत्कारिक आवाज आला. पुंजारामचा चेहरा जांभळा व्हायला लागला होता.

"अहो, सोडा! सोडा श्वास!"

पुंजारामनं भस्सकन श्वास सोडला आणि भिंतीला टेकून हसत सुटला. "तुम्ही 'सोडा' म्हटल्याबिगर सोडायचं नाय, हेच तर शिकवलंय तुम्ही सगळ्या नाशिकला."

त्या रविवारी पुंजारामचा फोटो गेला. छाती फुगवून, डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून भिंतीला उभा असलेला म्हातारा. त्याच्या शर्टाचं एकेक बटण, भिंतीचा एकेक पोपडा लख्ख दिसत होता. ग्रुपवर कुणी फोकसबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढचे तीन आठवडे त्यांनी असेच काढले. पोस्टमन, इस्त्रीवाली, कॉलनीच्या विहारात झाडलोट करणारे गेणूबाबा. सगळे सहा फुटांवरून, सगळे श्वास रोखून.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची ढाल चिकटवलेली होती. साक्षीनं टेबलाच्या कडेला उशा रचून कपाळ टेकायची जागा केली. चांगुणाबाई दिवसभर तिथं खाली तोंड करून बसायच्या, नाही तर पलंगावर पालथ्या. माणसं भेटायला यायची, आणि चांगुणाबाईंना दिसायची ती फक्त त्यांची पावलं. पहिले दोन दिवस मानेत कळा मारत होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्या आवाजाआधी पायांवरून माणूस ओळखू लागल्या. शेजारच्या भिमाबाई भाकरी घेऊन यायच्या. त्यांच्या टाचांना उभ्या भेगा, आणि भेगांत शेतातली माती अजून तशीच, गाव सोडून वीस वर्षं झाली तरी. एकदा त्या असतानाच पुंजाराम आला, तर त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं.

"हे कधी झालं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"लय जुनं हे. स्ट्रेचरचं चाक गेलं होतं. तुमच्याच दारात. तुम्ही तेव्हा ओरडला होता, पेशंट हलवू नको म्हणून."

चांगुणाबाईंनी तो अंगठा नीट बघून घेतला. मग म्हणाल्या, "साक्षी, कॅमेरा आण."

"अजिबात नाही," साक्षी म्हणाली. "तो डाव्या डोळ्याला लावलास तर सगळं धूड उजव्या डोळ्यावर येतं. एक धक्का बसला तर?"

"डोळ्याला लावतच नाही. छातीशी धरते, खाली तोंड करून. अंतर तू टेपनं मोज, भिंगापासून पावलांपर्यंत. मी मान वर करणार नाही. तू मला धरून उभी राहा, पण तुझं एक पाऊल चौकटीत येऊ दे."

साक्षीनं आईच्या मानेकडे बघितलं. वाकून वाकून तिथं हाडाचा उंचवटा वर आला होता. ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली.

खिडकीजवळ, जिथं फरशीवर उजेड पडत होता, तिथं भिमाबाई आणि पुंजाराम समोरासमोर उभे राहिले. भिमाबाई लाजल्या. "अगं बाई, पायांचा काय फोटो काढता? धुऊन तरी येते."

"धुऊ नका. आहेत तसे राहू द्या."

साक्षीनं एका हातानं आईच्या कमरेला आधार दिला आणि दुसऱ्या हातानं टेप सोडला. "एकशे वीस. एकशे वीस सेंटिमीटर, मम्मी. खाली उजेड कमी आहे, हात हलू देऊ नकोस." चांगुणाबाईंनी कॅमेरा छातीशी घट्ट दाबून धरला. या वेळी श्वास त्यांनी स्वतःच रोखला. बाराच्या बारा फोटो काढले, प्रत्येक वेळी अंदाज जरा इकडे, जरा तिकडे करत.

आता ते धुवायचे होते. औषधाचे शिंतोडे डोळ्याजवळ नकोत, याबद्दल साक्षी ऐकायला तयार नव्हती, आणि चांगुणाबाईंनाही ते पटत होतं. मग एकच माणूस उरलं.

"मला त्यातलं काहीही येत नाही," साक्षी म्हणाली. "त्या वासानं मला लहानपणापासून मळमळतं."

"खिडकी उघडी ठेव. मी सांगते तसं कर."

शनिवारी सकाळी साक्षी काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून बसली. आत अंधारात फिल्म चकरीवर गुंडाळायची, चकरी टाकीत ठेवायची, झाकण लावायचं, मग हात बाहेर. चांगुणाबाई टेबलावर कपाळ टेकून बसलेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"अडकतेय, मम्मी. पुढं जातच नाही. मी फाडणार बहुतेक."

"ओढू नकोस. तुझ्या हातांना घाम आलाय, फिल्म चिकटतेय. आहे तशी टाकीत टाक, झाकण लाव आणि हात बाहेर काढ. लाव झाकण आधी. लागलं? आता हात पुस. पंख्याखाली धर. पाणी पी."

"तुला कसं कळलं घाम आलाय?"

"तेहतीस वर्षं शिकाऊ पोरं बघितलीत. सगळ्यांना येतो. मला पण आला होता. आमच्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी. साहेब म्हणाले होते, अंधारात एकटीला भीती वाटेल. मी म्हटलं, घरी वीज नाही, मला अंधाराची सवय आहे."

साक्षी हसली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला फिल्म सुळकन गेली.

मग औषध ओतलं. चांगुणाबाईंनी घड्याळ मागितलं नाही. टेबलाकडे तोंड करून त्या मनात मोजत होत्या आणि दर मिनिटाला सांगत होत्या, "उलट. सुलट. उलट. सुलट. ठेव. टाकी टेबलावर एकदा आपट, बुडबुडे निघतील." साक्षीनं मोबाइलवर गुपचूप स्टॉपवॉच लावलं होतं. नऊ मिनिटं झाल्यावर आई म्हणाली, "ओत आता," तेव्हा तिनं बघितलं, तर नऊ मिनिटं आणि दोन सेकंद. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. गणिताच्या बाईंना दाद द्यावीशी वाटली, पण औषध ओतायचं होतं.

शेवटचं पाणी झाल्यावर साक्षीनं फिल्म उलगडून उजेडाला धरली.

"आहे का काही?" खालून प्रश्न आला.

"आहे," साक्षी म्हणाली. "मम्मी, पावलं आहेत. काही फोटोंत टाचा तुटल्यात, दोन हललेत. पण एक... थांब, मी तुला पेटीवर दाखवते. टेबलाखाली ठेवते, म्हणजे तुला मान वर करावी लागणार नाही."

तिनं दिव्याची पेटी फरशीवर, आईच्या नजरेखाली ठेवली आणि त्यावर तो ओला तुकडा धरला. चांगुणाबाईंनी डाव्या डोळ्यानं बघितलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. फरशी काळी, भेगा पांढऱ्या, विजेच्या रेघांसारख्या. एक जाडा, बिननखाचा अंगठा. आणि कोपऱ्यातून आत आलेलं साक्षीचं एक पाऊल, लहान, टाच किंचित उचललेली, कारण ती आईला सावरत होती.

रविवारी दुपारी फोटो ग्रुपवर गेला. मग देवळालीच्या सुभेदारांनी लिहिलं, "सलाम." त्याखाली ओळीनं इतरांचे. अमोलनं साडेसहाला लिहिलं, "ताई, मी गेले चार तास हा फोटो बघतोय. आज माझा राहिला, मी बाद. वाईट वाटत नाहीये."

"खोटं बोलतोय," चांगुणाबाई पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "वाईट वाटणारच. त्याला सांग, सात वाजायला अर्धा तास आहे. फिल्म धुतलेली असेल तर टाक म्हणावं."

साक्षीनं तसं लिहिलं. सहा बावन्नला अमोलचा फोटो आला. आधीच धुतलेल्या फिल्मवरचा, त्याच्याच खिडकीतला, मोबाइलनं घाईत, वाकडा टिपलेला. वर्षभरातला त्याचा सगळ्यांत साधा फोटो तो असावा.

महिन्याभरानं बुडबुडा विरला. भोक बुजलं होतं. उजव्या डोळ्याला घड्याळाचा मधला भाग दिसू लागला, पण काटे जरासे वाकलेलेच राहिले. डॉक्टर निकितानं भिंग बदलून बदलून बघितलं आणि सांगितलं की याच्या पुढं फार सुधारणा व्हायची नाही. चांगुणाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि डाव्या डोळ्याच्या मोतिबिंदूची तारीख मागितली. तेही ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. त्या रविवारचा फोटो त्यांनी दवाखान्यात जायच्या आधीच काढून, धुऊन ठेवला होता.

बावन्नाव्या रविवारी मोजणी झाली. तेविसांतले सात उरले होते. त्यात चांगुणाबाई होत्या आणि अमोलही होता.

प्रदर्शन एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरलं. कुठला फोटो लावायचा यावरून घरात आठवडाभर वाद. साक्षीला पावलांचा हवा होता. चांगुणाबाईंनी पुंजारामचा निवडला. "पावलांचा फोटो आपण दोघींनी मिळून काढलाय," त्या म्हणाल्या. "तो घरात लावू. हा बाहेरच्यांना बघू दे."

उद्‌घाटनाच्या दिवशी पुंजाराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. भिंतीवर स्वतःलाच बघून थबकला. दोन हात मागं बांधून, मान तिरकी करून त्यानं फोटो बघितला. शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनी आधी फोटोकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यासोबत सेल्फी मागितली. तो अवघडून उभा राहिला. मुली गेल्यावर चांगुणाबाईंजवळ आला.

"बाई, एक सांगू? इतक्या माणसांना मी ढकलत तुमच्या खोलीत आणलं. कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाची छाती. सगळ्यांचा निघाला. माझा आपला कधी निघाला नव्हता. हे संपल्यावर हा मला द्याल का? घरी दारासमोरच लावतो."

"हा लावू नका. यात तुम्ही गुदमरलेले दिसता."

"असू दे. खरा मी असाच हाय."

"बरं, देते. पण मंगळवारी घरी या, दुसरा काढायचाय. आणि एकटे येऊ नका, बायकोला घेऊन या."

"ती नाय यायची. लाजती."

"मग मीच येते," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून डायरी काढून मंगळवारच्या रकान्यात सिन्नर फाटा असं लिहिलं.